‘मारण्याचे’ऐवजी ‘लावण्याचे’ वाचावे

शेवटी मुद्रितशोधक गायला. भरल्या सभागृहात, पूर्ण आवाजात, सुरात आणि हवेत. यातला ‘हवेत’ हा शब्द छपाईचा दोष नाही, तो आहे तसाच राहू द्यावा. मात्र शाळेच्या वार्षिक अहवालात या प्रकाराचा उल्लेख नाही. तरणतलावाच्या अहवालातही नाही. आणि जे छापून आलं नाही ते घडलंच नाही, असं जन्मभर मानत आलेल्या माणसाची ही गोष्ट असल्यामुळे आपणही तसंच धरून चालू. तर, काहीही घडलेलं नाही. मुद्रितशोधक गायलेला नाही. तो छापखान्यात खिडकीजवळच्या टेबलाशी बसला आहे, हातात लाल पेन आहे आणि समोर एक पत्रक आहे.

पत्रकावर लिहिलं होतं : ‘प्रौढांसाठी सूर मारण्याचे वर्ग. भीती सोडा, लाज सोडा, या! क्रीडा व कला संकुल, मागील दार.’

मुद्रितशोधकाने ‘मारण्याचे’ या शब्दाकडे पाहिलं आणि त्याला मनापासून वाईट वाटलं. माणूस गप्पा मारतो, थापा मारतो, ऑफिसला दांडी मारतो. सूर काय डास आहे मारायला? सूर लावतात. त्याने ‘मारण्याचे’ खोडलं, वर सुबक अक्षरात ‘लावण्याचे’ लिहिलं, समासात खूण केली आणि पत्रक छपाईला सोडलं. पाण्यात मारतात तोही सूरच, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं. पण त्या सकाळी त्याच्या डोक्यात दुसऱ्या सुराला जागाच नव्हती, आणि त्याला कारण होती त्याची मुलगी.

मुलगी दुसरीत होती. कोणाचंही वाक्य सुरू झालं की ती मध्ये यायची, म्हणून बापाने तिचं नाव स्वल्पविराम ठेवलं होतं, त्याचं घरात स्वल्पी झालं होतं. शाळेच्या कार्यक्रमात प्रत्येक मुलाने आई किंवा बाबाला बरोबर घेऊन समूहगीत म्हणायचं होतं. आदल्या दिवशी जेवताना स्वल्पी म्हणाली, “गाण्याच्या बाई म्हणाल्या, तू नुसते ओठ हलव हं. छान दिसतं.”

ती रडत नव्हती. तिने बातमी सांगितली आणि भात कालवला.

मुद्रितशोधकाचा घास तोंडातच राहिला. चौथीत असताना त्याला हेच सांगितलं गेलं होतं. नुसते ओठ हलव. तेव्हापासून तो ओठ हलवत होता. वाढदिवसाच्या गाण्यात हलवत होता, कामगारांच्या घोषणांत हलवत होता, मालकांनी “कुणाची काही हरकत?” असं विचारल्यावर हलवत होता. बस सुटताना तो मागून धावायचा आणि ओठ हलवायचा, आणि बस निघून जायची. सुरुवातीला ती बाईंची सूचना होती, पुढे त्याने ती स्वभावात बांधून घेतली.

मुलीला बरं वाटावं म्हणून तो म्हणाला, “अगं, मीसुद्धा ओठच हलवतो.”

“खरंच?” स्वल्पीचा चेहरा उजळला. “मग आपण दोघं हलवू! कुणाला कळणारच नाही!”

तिला इतका आनंद झाला, की मुद्रितशोधकाला ताटावरून उठावंसं वाटलं. आजोबांचं नाक मिळाल्यासारखं तिने ते आपलं म्हणून घेतलं होतं.

“नाही,” तो म्हणाला. “मी गाणं शिकतो. मी गायलो तर तू गाशील?”

“आधी तू गा,” स्वल्पी म्हणाली. व्यवहारात ती आईवर गेली होती.

तर असा माणूस दुसऱ्या दिवशी ते पत्रक तपासत होता. छापून आलं तेव्हा ‘सूर लावण्याचे वर्ग’ हे शब्द त्याला नियतीने पाठवल्यासारखे वाटले. नियतीचं हस्ताक्षर आपलंच आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही. त्याने नाव नोंदवलं.

मागच्या दाराशी आणखी दोघं उभी होती. एक पेटीवाल्या मावशी, टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या. रखवालदार त्यांना सांगत होता, “मावशी, पेटी आत नेता येत नाही, लॉकरात ठेवा,” आणि मावशी म्हणत होत्या, “पेटी लॉकरात ठेवून काय लॉकरात बसून गाऊ?” दुसरे एक दंतवैद्य होते. आयुष्यभर दुसऱ्यांना ‘आ’ करायला लावलं, आता एकदा स्वतः करून बघावं, असं त्यांच्या मनात होतं.

आत हिरवट निळं पाणी पसरलं होतं. तिघांनाही वाटलं, वाटेत तलाव लागतो, वर्ग पलीकडे असेल. तेवढ्यात आखूड चड्डीतला, गळ्यात शिट्टी अडकवलेला, रुंद छातीचा माणूस आला.

“मी सर. कपडे बदला.”

“गाण्याला कपडे बदलतात?” मावशींनी दंतवैद्यांना हळूच विचारलं.

“छाती मोकळी राहत असेल,” दंतवैद्य म्हणाले.

“गाणं?” सर म्हणाले. “कसलं गाणं?”

मावशींनी पत्रक पुढे केलं. सरांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. त्यांची मान लाल झाली. “‘लावण्याचे’? मी ‘मारण्याचे’ लिहून दिलं होतं! म्हणून माझ्या वर्गाला माणसं नाहीत आणि पेटी आली! हे ज्याने केलं ना, तो एकदा हातात सापडू दे. त्या वरच्या फळीवरून खाली ढकलतो की नाही बघा.”

तलावावर तीन फळ्या होत्या. वरच्या फळीच्या टोकाला एक कावळा बसला होता आणि त्यालाही खाली बघवत नसावं. मुद्रितशोधकाने खिशातलं लाल पेन आणखी खोल दाबलं. पेन फुटलं.

“अहो, तुमच्या छातीतून रक्त येतंय,” दंतवैद्य म्हणाले.

“सवय आहे,” मुद्रितशोधक म्हणाला.

आता शहाण्या माणसाने सरळ घरी जावं. पण घरी जाऊन सांगायचं काय? वर्ग चुकीचा होता म्हणावं, तर चूक कुणाची हा प्रश्न येणार, आणि त्याचं उत्तर सर गळ्यात शिट्टी घालून शोधत होते. शिवाय स्वल्पी दाराशी उभी असणार. तिला काय सांगायचं, मला जमलं नाही? ते तर तिला आधीच माहीत होतं. मावशी म्हणाल्या, “आलेच आहे तर बघते पाण्यात काय आहे ते.” दंतवैद्य म्हणाले, “पाण्यातही ‘आ’ होतोच.” मुद्रितशोधकाला पोहता येत होतं, म्हणजे तो लगेच बुडत नसे. त्याने कपडे बदलले.

सरांची शिकवण्याची रीत साधी होती. काठावर उभं करायचे, शिट्टी वाजवायचे. मावशी पहिल्याच दिवशी गेल्या, पेटी काठावर ठेवून. दंतवैद्य तोंड उघडं ठेवून गेले आणि पुष्कळसा तलाव पिऊन आले. मुद्रितशोधक उभाच.

“काय झालं?”

“मला जमत नाही.”

“कोण म्हणालं?”

“चौथीत... बाई म्हणाल्या होत्या.”

“त्या पाण्यात होत्या का?”

“नाही. वर्गात.”

“मग त्यांचं इथे काय काम?” असं म्हणून सरांनी शिट्टी वाजवली. मुद्रितशोधक पोटावर पडला. त्याचा आवाज शेजारच्या बॅडमिंटन कोर्टापर्यंत गेला, पण त्याच्या तोंडातून एक अक्षर निघालं नाही. हवेतही त्याने फक्त ओठ हलवले.

तोवर त्याच्या राहत्या इमारतीत, तो गाणं शिकतोय अशी बातमी पसरली होती. समोरचे काका वीजमंडळातून निवृत्त झाले होते आणि कुठल्याही विषयावर सल्ला देण्याइतकी विश्रांती त्यांनी घेतली होती. ते रोज जिन्यात गाठायचे.

“काय, कुठवर आला सूर?”

“काठावर आहे अजून.”

“घाबरू नका. सुरात स्वतःला झोकून द्यावं लागतं.”

“सरही तेच म्हणतात.”

“खालचा लागतो का?”

“लागतो. पोटाला. वरच्याच्या नुसत्या विचाराने चक्कर येते.”

“सर कडक दिसतात.”

“शिट्टी वाजवतात.”

काका विचारात पडले. “बासरीवाले असणार,” ते म्हणाले. “ती माणसं कडकच.”

बायकोला फसवणं एवढं सोपं नव्हतं. ती प्रयोगशाळेत रक्त तपासायची, माणसाचं तोंड काय बोलतंय याकडे तिचं लक्षच नसे. “गाणं शिकून आल्यावर तुझे केस ओले कसे?” तिने विचारलं.

“रियाज फार कडक असतो.”

“आणि हा फिनेलसारखा वास?”

“फरशी पुसतात. कलेच्या ठिकाणी स्वच्छता लागते.”

तिने त्याचा टॉवेल हुंगला, घडी घातला आणि जागेवर ठेवला. ज्या घरात बायको टॉवेल हुंगून गप्प बसते, त्या घरात माणसाने लांबच्या प्रवासाला निघून जावं. पण मुद्रितशोधकाची रजा शिल्लक नव्हती. स्वल्पी तर रोज विचारायची, “बाबा, आज काय शिकलास?” तो सांगायचा, “श्वास घ्यायला.” दुसऱ्या दिवशी, “सोडायला.” शाळेचा कार्यक्रम जवळ येत चालला होता आणि बापाची प्रगती श्वासाच्या पुढे सरकत नव्हती.

शेवटी त्याने उपाय शोधला. त्याच संकुलात वरच्या मजल्यावर गाण्याचा खरोखरचा वर्ग होता. अर्ज करून तिथे बदली घ्यायची. अडचण एवढीच, की अर्जात पत्रकाचं नाव काढायचं नव्हतं. पत्रक निघालं की छापखाना निघणार आणि छापखान्यातून लाल पेन. म्हणून त्याने फार जपून लिहिलं : ‘सध्याचा सूर अर्जदाराच्या प्रकृतीस मानवत नाही. तरी अर्जदारास वरच्या सुराच्या वर्गात सामावून घ्यावे.’

संकुलाच्या कार्यालयाच्या खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला. “विषय?”

“सूर.”

“तुम्ही सुरातच आहात की.”

“मला दुसरा सूर हवाय. वरचा.”

बाईंनी चष्म्यावरून त्याच्या पोटाकडे पाहिलं. “नक्की? वय बघून सांगा.”

“वयाचा काय संबंध? माणसाने कधीही शिकावं.”

“हौस आहे बाई एकेकाला,” असं म्हणून बाईंनी शिक्का मारला. मुद्रितशोधकाचा आयुष्यात मंजूर झालेला तो पहिला अर्ज. दोनच दिवसांत तलावाच्या फलकावर कागद लागला : ‘अर्जदाराच्या स्वतःच्या विनंतीवरून त्यांस सर्वांत वरची फळी देण्यात येत आहे.’ शेजारी दुसरा कागद होता : ‘येत्या रविवारी सूर वर्गाचे जाहीर सादरीकरण. सर्वांनी यावे.’

शाळेचा कार्यक्रम त्यानंतरच्या मंगळवारी होता.

मुद्रितशोधकाने दोन्ही कागदांसमोर उभं राहून सवयीने शुद्धलेखन तपासलं. चूक नव्हती. इतका हताश तो कधीच झाला नव्हता.

दुसरा कागद संकुलाच्या पुढच्या दारावरही लागला होता, तो काकांनी वाचला. रविवारी तलावाच्या काठावरच्या बाकांवर अर्धी इमारत येऊन बसली. काकांच्या हातात हार होता. बायको आली होती, टॉवेल घेऊन, म्हणजे तिला सगळं कळलं होतं. आणि तिच्या शेजारी नवा फ्रॉक घालून, मांडीवर हात ठेवून, बाबाचं गाणं ऐकायला स्वल्पी बसली होती.

“पाण्यापाशी मैफल? कल्पना चांगली आहे,” काका सर्वांना समजावत होते. “आवाज पसरतो.” एवढ्यात मुद्रितशोधक पोहण्याच्या कपड्यांत शिडीवर दिसला. काकांनी हार या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाले, “मागच्यांना दिसावं म्हणून वर जातोय.”

मावशी आणि दंतवैद्य खालच्या फळीवरून जाऊन आले. टाळ्या पडल्या. मग सगळ्यांच्या माना वर झाल्या.

वरून तलाव पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसत होता. फळी पायाखाली जिवंत असल्यासारखी हलत होती. मुद्रितशोधकाने मागे वळून पाहिलं, तर शिडीच्या तोंडाशी सर उभे.

“सर, मला तुम्हाला एक सांगायचंय. ते पत्रकातलं ‘लावण्याचे’...”

“माहीत आहे,” सर म्हणाले. “‘पायऱ्या निसरड्या आहेत’ हा माझा फलक गेल्या महिन्यात कुणीतरी लाल पेनने सुधारला. ‘निसरड्या’तला ‘नि’ ऱ्हस्व केला. खाली माझ्या नावातही एक अनुस्वार घातला. अक्षर पत्रकावरच्या दुरुस्तीचंच. मूळ कागद माझ्याकडे आहे.”

मुद्रितशोधकाच्या घशाला कोरड पडली. खाली एवढं पाणी असताना.

“मग ढकलणार?”

“त्या दिवसापासून तोच विचार करतोय,” सर म्हणाले. “पण ढकललं की तो सूर नसतो, नुसतं पडणं असतं. तुमचं तुम्ही जायचं. नाहीतर शिडी इथे आहे. मी बाजूला होतो.” आणि ते खरोखरच बाजूला झाले. मुद्रितशोधकाला याचा फार राग आला. ढकलला असता तर सगळं किती सोपं झालं असतं.

त्याने शिडीकडे पाहिलं. खाली सगळे गप्प झाले होते. काकांचा हारही हलत नव्हता. बायको टॉवेल घट्ट धरून उभी राहिली होती. मुद्रितशोधकाने एक पाय शिडीकडे टाकला.

आणि त्या शांततेत स्वल्पीचा आवाज आला, दोन्ही हात तोंडाशी धरून, अगदी प्रेमाने :

“बाबा! नुसते ओठ हलव! मी कुणाला सांगणार नाही!”

मुद्रितशोधक थांबला. ते वाक्य त्याने किती वर्षं पाठ करून ठेवलं होतं. तिच्या तोंडी ते इतक्या लवकर, इतकं बिनचूक बसलं होतं. एकही दुरुस्ती नको, सरळ छपाईला जाईल असं. त्याने पाय मागे घेतला. वळला. फळीच्या टोकापर्यंत चालत गेला आणि शिट्टी वाजायच्या आत निघाला.

पायाखालची फळी संपली तेव्हा त्याच्या पोटातून काहीतरी सुटलं. चौथीपासून आत अडकलेलं ते असावं. “आऽऽऽ!” भरदार, सरळ, न कापणारा आवाज तलावाच्या छताला लागून परत आला आणि मुद्रितशोधक पाण्यात नाहीसा झाला तरी तो वर घुमत राहिला.

“उत्तम,” दंतवैद्य म्हणाले. “मागच्या दाढेपर्यंत दिसलं.”

मावशींनी धावत जाऊन काठावरच्या पेटीवर बोट ठेवलं, भाता ओढला आणि कान टवकारला. “पांढरी पाच!” त्या ओरडल्या. “अहो, चोख पांढरी पाचची पट्टी लागली त्याची!”

“मी म्हटलं नव्हतं?” काका म्हणाले. “झोकून द्यावं लागतं.”

बायकोने त्याला टॉवेलमध्ये गुंडाळला. “रियाज कडक आहे खरा,” एवढंच ती म्हणाली. स्वल्पी मात्र त्याच्याकडे रोखून पाहत होती. “बाबा, तो तूच होतास?”

“बहुतेक.”

“मग मंगळवारी पण कर.”

मंगळवारी सभागृह भरलं होतं. समूहगीताची मागची रांग लाकडी बाकावर उभी होती आणि तिच्या टोकाला मुद्रितशोधक आणि स्वल्पी. शेवटच्या खुर्च्यांत काका, मावशी, दंतवैद्य आणि सर बसले होते. गाण्याच्या बाईंनी हात वर केला. गाणं सुरू झालं. मुद्रितशोधकाने तोंड उघडलं.

काहीच आलं नाही. घसा कोरडा ठक्क. त्याने पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलले, फार सुंदर हलले, इतक्या वर्षांचा सराव होता. त्याने खाली पाहिलं. स्वल्पी त्याच्याकडेच बघत होती, आणि तिचेही ओठ हलायला लागले होते. आवाज न करता. एक कडवं संपलं. गाण्याला दोनच कडवी होती.

मुद्रितशोधकाने बाकावरून खाली पाहिलं. उंची फार नव्हती. पण बाक संपत होता.

“स्वल्पी,” तो कुजबुजला, “इथून.”

“कधी?”

“शिट्टी वाजली की.”

“शिट्टी कुठेय, बाबा?”

हे बरोबर होतं. पण दोन माणसं हातात हात घालून, पायाची बोटं काठाबाहेर काढून उभी आहेत असं दृश्य शेवटच्या खुर्चीतल्या माणसाला दिसलं, आणि त्याचा हात गळ्याशी आपोआप गेला. सरांनी शिट्टी वाजवली.

दोघं निघाले. “आऽऽऽ!” एक आवाज भरदार, एक चिरका, आणि खाली रंगमंचाच्या फळ्या दणाणल्या. दचकून सगळी मुलं ओरडली, आणि ओरडण्यासाठी उघडलेली तोंडं मिटली नाहीत. गाणं एकाएकी तिप्पट मोठं झालं. तेव्हा सभागृहाला कळलं, की इतका वेळ त्या भल्या मोठ्या समूहात तीनच मुलं गात होती. बाकीच्यांना बाईंनी नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. पालकांपैकीही पुष्कळांना, आपापल्या लहानपणी. सगळे गायले. कुणी कुठेही गायलं. स्वल्पीने दुसरं कडवं संपल्यावर पहिलं पुन्हा म्हटलं, आणि मुद्रितशोधक जमिनीवर बसल्या बसल्या, लचकलेला घोटा धरून, तिच्या बरोबरीने गात राहिला.

फक्त गाण्याच्या बाई हात वर धरून उभ्या होत्या. त्या काहीतरी सांगत असाव्यात, पण ऐकू कुणालाच येत नव्हतं. त्यांचे नुसते ओठ हलत होते.

अर्थात, हे काहीच घडलेलं नाही. शाळेच्या अहवालात ‘समूहगीत उत्साहात पार पडले’ एवढंच वाक्य आहे, आणि ते मुद्रितशोधकानेच तपासून दिलं आहे. त्या अहवालाच्या कोऱ्या पाठीवर, घोट्याला पट्टी बांधलेल्या अवस्थेत, त्याने लाल पेनने आणखी एक अर्ज लिहिला :

‘मा. अध्यक्ष, शुद्धलेखन नियम समिती, यांस. विषय : सूर. महोदय, वरील शब्दाच्या दोन अर्थांमुळे अर्जदारास उंचावरून पडावे लागले असून त्याबद्दल त्याची तक्रार नाही. तथापि, यापुढे गळ्यातला सूर दीर्घ व पाण्यातला ऱ्हस्व लिहिण्यास मान्यता मिळावी. ऱ्हस्व ‘सुर’ हा शब्द देवांच्या नावे आधीच नोंदलेला असल्याचे अर्जदार जाणतो. त्यांचे ना-हरकत पत्र मिळताच सादर करण्यात येईल. अर्जदार व त्याची कन्या यांना जो सूर दोन्हींच्या मध्ये, हवेत असताना लागतो, त्यासाठी वेगळी मात्रा तयार करून द्यावी. तसेच मुलांशी बोलताना ओठांच्या आधी येणारा ‘नुसते’ हा शब्द भाषेतून वगळावा. याबाबत निर्णय होईपर्यंत उभयतांस, कुठल्याही शिक्षेविना, बाकावर उभे राहण्याची परवानगी असावी, ही विनंती.’